हा काका रडतोय का?

माझी भाची सहा वर्षांची आहे. परवा दुपारी मी खिडकीशी हेडफोन लावून बसले होते, ती मागून कधी आली ते कळलंच नाही. तिने माझ्या डाव्या कानावरून हेडफोन ओढून आपल्या कानाशी धरला आणि मग आम्ही दोघी एकमेकींच्या गालाला गाल लावून तशाच बसलो, कारण वायर तेवढीच होती. मला वाटलं, आता दचकेल, पळून जाईल. चालू होता डेथ मेटल या संगीतप्रकारातल्या डेथ या बँडचा १९८८ चा अल्बम, 'लेप्रसी'. ड्रम्स धडधडत होते आणि त्यांचा गायक चक शुल्डिनर पोटातून खेचून काढावं तसा गुरगुरत होता. ती दचकली नाही. वजाबाकी करताना करते तशा भुवया आक्रसून तिने मिनिटभर ऐकलं आणि विचारलं, "आत्या, हा काका रडतोय का?"

मी म्हटलं, "नाही गं, गातोय." तिचं समाधान झालं असावं, ती खेळायला गेली. माझं झालं नाही. गेली पंचवीसहून जास्त वर्षं मी हे संगीत ऐकतेय आणि त्यावर येणारे सगळे प्रश्न मला पाठ आहेत. हा एवढा का ओरडतोय, कुणावर चिडलाय, शब्द तरी कळतात का, डोकं दुखत नाही का, तुझ्यासारख्या मुलीला हे कसं आवडतं. प्रत्येकाचं उत्तर तोंडावर असतं, कारण ती उत्तरं देतच मी मोठी झाले. हा प्रश्न मात्र कुणी विचारलाच नव्हता, आणि ज्या गाण्यावर तिने तो विचारला ते गाणं मी कित्येक वर्षांनी पहिल्यांदा लावलं होतं.

सोळा वर्षांची असताना मैत्रिणीच्या मोठ्या भावाने मला नव्वद मिनिटांची एक कॅसेट भरून दिली. एका बाजूला 'लेप्रसी', दुसऱ्या बाजूला मॉर्बिड एंजलचा 'आल्टर्स ऑफ मॅडनेस'. दोन्ही अल्बम चाळीस मिनिटांच्या आतले, त्यामुळे प्रत्येक बाजूच्या शेवटी नुसती खरखर उरायची आणि तीही मी ऐकायचे. त्याने बॉलपेनने गिरवून गिरवून 'डेथ' एवढंच लिहिलं होतं. आईने ते वाचलं, "हे कसलं नाव?" असं विचारलं, मी "बँडचं" म्हटलं आणि विषय संपला. पण त्यानंतर ती कॅसेट जेव्हा जेव्हा माझ्या खणात सापडायची, पालथी सापडायची. नाव खाली. मी उलटून ठेवायचे, दोन दिवसांनी पुन्हा पालथी. याबद्दल आम्ही एकमेकींशी कधीच बोललो नाही.

ती प्रत अर्थातच प्रतीची प्रत होती, कदाचित चौथी-पाचवी. झांजांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा, गिटारच्या कडा झिजलेल्या. पुढे कळलं की हे संगीत पसरलंच असं. १९८० च्या दशकात पोरं एकमेकांना पाकिटातून डेमो टेप पाठवायची, एका खंडातून दुसऱ्या खंडात, आणि भरताना प्रत्येक वेळी थोडा आवाज हरवायचा. ज्याने ऐकलं त्याला अर्धं ऐकू आलं, उरलेलं अर्धं त्याने स्वतः कल्पिलं. फ्लोरिडातला आवाज स्टॉकहोममध्ये पोचेपर्यंत वेगळा झाला याचं मला म्हणूनच फारसं आश्चर्य वाटत नाही.

पोरंच म्हणायला हवं. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या पझेस्ड या बँडचा 'सेव्हन चर्चेस' १९८५ मध्ये आला. त्यातल्या शेवटच्या गाण्याचं नावच 'डेथ मेटल'. ते गाणारा जेफ बेसेरा तेव्हा शाळेत जाणारा मुलगा होता. चकने 'स्क्रीम ब्लडी गोर' काढला १९८७ मध्ये, विशीत. त्यात गिटार, बास आणि आवाज तिन्ही त्याचेच, ड्रम्सवर क्रिस रायफर्ट. एन्टूम्ड या स्वीडिश बँडने 'लेफ्ट हँड पाथ' रेकॉर्ड केला तेव्हा ड्रमर निके अँडरसन आणि गायक एल. जी. पेट्रोव्ह दोघंही सतरा वर्षांचे. सतराव्या वर्षी मरण ही फार लांबची गोष्ट असते. म्हणून तर तिच्याशी खेळता येतं. थडगी, किडे, सडलेलं मांस, झॉम्बी. बीभत्स रसाचं नाव आपण घेतो खरं, पण त्याच्या वाट्याला वेगळी मैफल कुणी मांडलेली नसते. या मुलांनी ती मांडली.

आणि मांडली ती अतिशय कष्टाने. बाहेरून हे बेभान वाटतं, आत काटेकोर मोजमाप असतं. गिटारच्या तारा सैल करून सूर खाली आणायचा, तळहाताने तारा दाबून प्रत्येक घाव आखूड करायचा, ड्रमरने दोन्ही पायांनी दोन पेडल धावत ठेवायची आणि वर ब्लास्ट बीट, म्हणजे गोळीबारासारखा सलग वेगवान ठोका. 'आल्टर्स ऑफ मॅडनेस'मध्ये ड्रमर पीट सँडोव्हालचे हातपाय ऐकले की अजूनही माझा श्वास नकळत त्याच्या लयीला लागतो. फ्लोरिडातल्या टँपामधल्या मॉरिसाउंड स्टुडिओत हे आवाज एकमेकांत न मिसळता कसे टिपायचे ते स्कॉट बर्न्स आणि मॉरिस बंधूंनी हळूहळू शोधून काढलं. एकाच शहरात इतके बँड, एकाच स्टुडिओत इतके अल्बम: ऑबिच्युअरी, डेसाइड, बफलोहून तिथे जाऊन राहिलेला कॅनिबल कॉर्प्स. नव्वदीच्या सुरुवातीला सगळ्यांचे ड्रम्स एकसारखे वाजायला लागले अशी तक्रार होते, ती खरी आहे. पण आधी ऐकू तरी यायला लागले.

स्टॉकहोमची गोष्ट मला जास्त आवडते, कारण तिथे सगळं एका चुकीच्या वाटणाऱ्या गोष्टीवर उभं आहे. बॉस कंपनीचं एचएम-२ नावाचं काळं, नारिंगी अक्षरांचं पेडल, गिटारचा आवाज फाटका करणारं. चार बटणं. शहाणा माणूस ती थोडी थोडी फिरवून बघेल. सनलाइट स्टुडिओत टोमास स्कोग्सबर्ग आणि या मुलांनी चारही शेवटपर्यंत फिरवली आणि तशीच सोडली. जो आवाज निघाला त्याला सगळे करवतीची उपमा देतात. मला तो ऐकताना ओल्या लाकडात अडकून जोर लावणारी यंत्रकरवत दिसते, भुसा उडतोय, कापणाऱ्याचे खांदे थरथरताहेत. 'लेफ्ट हँड पाथ'च्या पहिल्या गाण्यात शेवटी सगळं थांबतं आणि एक संथ, उदास धून सुरू होते, त्याच करवतीवर. तिथे माझ्या पोटात काहीतरी हलतं. पहिल्यांदा हललं तेव्हाही कळलं नव्हतं की हे भीतीचं की दुःखाचं. बॉसने ते पेडल १९९१ मध्ये बंद केलं आणि तीस वर्षांनी पुन्हा बनवायला घेतलं. पेट्रोव्ह २०२१ मध्ये पित्तनलिकेच्या कॅन्सरने गेला, एकोणपन्नासाव्या वर्षी.

सगळ्याचंच कौतुक मला करता येत नाही. शब्द हातात आले, म्हणजे लिरिक्स वाचायला मिळाली, तेव्हा काही अल्बम मी बाजूला ठेवले. कॅनिबल कॉर्प्सच्या सुरुवातीच्या काही गाण्यांत कापल्या जाणाऱ्या देहाला बाईचंच शरीर दिलंय, आणि ते वाचून मला वाटलं की ज्या खोलीत मी इतके दिवस खुशाल बसले होते, तिथे माझी अशी जागा ठरलेली आहे. "ते काल्पनिक आहे, हॉररपटासारखं" हे मी स्वतःलाही सांगून पाहिलं. पटलं नाही. त्यांच्या अलेक्स वेबस्टरचा बास आजही मला थक्क करतो आणि ती काही गाणी मी आजही लावत नाही. या दोन गोष्टी माझ्यात शेजारी शेजारी राहतात. त्याच सुमारास बोल्ट थ्रोअरचा एक फोटो पाहिला. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचा बँड, बासवर जो बेंच, १९८७ पासून. ती फोटोत मध्यभागी नव्हती, सजवलेलीही नव्हती. बाकीच्यांसारखीच उभी होती, केस मोकळे, चेहऱ्यावर काम संपवून आलेल्या माणसाचा भाव. तो फोटो मी किती वेळ बघत बसले असेन.

बोल्ट थ्रोअरबद्दल आणखी एक सांगायचंच आहे. २००५ मध्ये त्यांनी 'दोज वन्स लॉयल' काढला. पुढच्या अल्बमसाठी गाणी करायला घेतली, ती याच्या तोडीची होत नाहीत असं त्यांचं मत पडलं, आणि त्यांनी अल्बम काढलाच नाही. कार्यक्रम करत राहिले. १४ सप्टेंबर २०१५ ला त्यांचा ड्रमर मार्टिन कर्न्स गेला, अडतीस वर्षांचा. बरोबर एका वर्षाने, त्याच तारखेला, त्यांनी बँड संपल्याचं जाहीर केलं. त्याच्याशिवाय नाही, एवढंच.

भाचीच्या प्रश्नानंतर मी त्या आवाजाकडेच वळले, म्हणजे घशाकडे. आपल्या खऱ्या स्वरतंतूंच्या थोडी वर आणखी एक जोडी असते, तिला वैद्यकात खोटे स्वरतंतू म्हणतात. बोलताना, गाताना ती बाजूला सरून बसलेली असते. आपण घास गिळतो, खोकतो किंवा जड ओझं उचलायला श्वास कोंडून धरतो, तेव्हा ती आत ओढली जाते. श्वासनलिका राखणं हे तिचं काम. ग्राउल, म्हणजे असं गुरगुरत गाणं, करणारे गायक बहुतेक वेळा याच जोडीला कंप पावायला शिकवतात. सायबेरियातल्या तुवाचे कंठगायक कर्गिरा नावाच्या खोल खर्जात तेच करतात. खाली खरे तंतू, वर खोटे, दोन्ही एकदम थरथरतात. राखणदाराला गायला लावायचं, असं मी त्याचं वर्णन करते. म्हणूनच बहुधा हा आवाज एकाच वेळी धमकावल्यासारखा आणि कुणीतरी कोंडी फोडून बाहेर पडत असल्यासारखा वाटतो.

चकचा आवाज बदलत गेला हे मला फार उशिरा लक्षात आलं. १९८७ मध्ये तो जाड, ओला, खालच्या पट्टीतला आहे. १९९१ च्या 'ह्युमन'मध्ये कोरडा व्हायला लागतो, आणि १९९८ च्या 'द साउंड ऑफ पर्सिव्हरन्स'मध्ये इतका वर चढतो की पत्रा खरवडल्यासारखा लागतो. शब्दही बदलले. 'ह्युमन' हा माझ्या मते या सगळ्या प्रवासाचा कणा आहे. पॉल मास्विडाल आणि शॉन राइनर्ट ही सिनिक बँडमधली जोडी त्यात आली, राइनर्टच्या ड्रम्समध्ये जॅझ ऐकलेल्या माणसाचं मनगट आलं, स्टीव्ह डिजॉर्जिओचा बास आला. झॉम्बी गेले. जिवंत माणसं आली: विश्वासघात करणारी, भ्रमात राहणारी, इच्छामरणावर वाद घालणारी. दोन वर्षांनी सिनिकने 'फोकस' काढला, त्यात तर ग्राउलच्या शेजारी यंत्रातून गाळलेला तरल आवाज आहे. लिव्हरपूलचा कार्कस, ज्यांची सुरुवातीची गाणी शवचिकित्सेच्या पुस्तकातून उचलल्यासारखी होती, त्यांनी त्याच १९९३ मध्ये 'हार्टवर्क' काढला, आणि त्यातल्या गिटार चक्क गुणगुणता येतात. १९९५ मध्ये गोथनबर्गच्या अ‍ॅट द गेट्सने 'स्लॉटर ऑफ द सोल'मध्ये तीच वाट इतकी सोपी, इतकी नेमकी केली की पुढे दहा वर्षं सगळे तिच्यावरूनच चालले. मला त्याचा थोडा कंटाळाही आला. मी तेव्हा गोरगट्सच्या 'ऑब्स्क्युरा'कडे पळाले. क्युबेकच्या या लोकांकडे ती गाणी वर्षानुवर्षं तयार होती, काढायला कुणी मिळत नव्हतं, १९९८ मध्ये एकदाची आली. गिटार त्यात कण्हते, अडखळते, वाटेतच मोडून पडते. पहिल्या दिवशी मी अर्ध्यात बंद केलं. चौथ्या दिवशी शेवटपर्यंत ऐकलं आणि बराच वेळ काही बोलावंसं वाटलं नाही.

आता ते गाणं. 'पुल द प्लग'. 'लेप्रसी'मधलं पाचवं.

सोळाव्या वर्षी मला त्यातली फक्त सुरुवात माहीत होती, तो जड, ओढत चाललेला रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, आणि मध्ये वेग पकडतो ती जागा. शब्द पुढे वाचले तेव्हा कळलं की एक माणूस यंत्रांना जोडलेला पडलाय आणि ती बंद करा म्हणतोय. भयकथा म्हणून मी ते वाचलं, छान आहे म्हटलं, पान उलटलं. आणखी बारा-तेरा वर्षांनी बाबा व्हेंटिलेटरवर होते. अतिदक्षता विभागात एका वेळी एकालाच आत सोडायचे. आत ते यंत्र दर काही सेकंदांनी एक उसासा टाकायचं, मग एक बारीक टक् आवाज, मग बाबांची छाती वर यायची. लय अगदी पक्की. माझं डोकं लयी मोजायला सरावलेलं आहे, ते थांबवता येत नाही. मी मोजत राहिले. आणि चौथ्या दिवशी मोजता मोजता माझ्या लक्षात आलं की त्या गाण्यात बोलणारा नातेवाईक नाही. डॉक्टरही नाही. बोलतोय तो पडलेला माणूस. बाहेरच्या बाकावर बसून आम्ही जे काही बोलत होतो, काय करायचं, किती दिवस, कुणाला विचारायचं, ते सगळं आमचं होतं. विशीतल्या मुलाने ते गाणं लिहिताना बाकावर बसलेल्यांचा विचार केला नव्हता. तो थेट खाटेवर जाऊन पडला होता.

दादा म्हणाला, "अजून दोन दिवस बघू." मी मान हलवली. दोन दिवस बघितलं. ते दोन दिवस बाबांना हवे होते असं मला तेव्हाही वाटत नव्हतं आणि आजही वाटत नाही. ते आम्हाला हवे होते. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

घरी आल्यावर काही दिवसांनी मी खण आवरत होते, तेव्हा ती जुनी कॅसेट हाताला लागली. ती ऐकायला यंत्रही उरलं नव्हतं घरात. मी ती पुन्हा खणात ठेवली, पालथी.

चक शुल्डिनरचा मोठा भाऊ रस्त्यावरच्या अपघातात गेला तेव्हा चक नऊ वर्षांचा होता. मुलाचं मन कशात तरी गुंतावं म्हणून आईवडिलांनी त्याला गिटार आणून दिली. हे मी कधीतरी वाचलं होतं आणि त्याच्या चरित्रातला एक तपशील म्हणून विसरूनही गेले होते. पोरांनी मरणाशी खेळ मांडला असं मी वर लिहिलंय ते बहुतेकांच्या बाबतीत ठीक असेल, त्याच्या बाबतीत नाही. त्याच्या हातात गिटार आली तीच एका मरणानंतर. १९९९ मध्ये त्याला मेंदूत गाठ असल्याचं निदान झालं. त्याच वर्षी त्याच्या दुसऱ्या बँडचा, कंट्रोल डिनाइडचा अल्बम आला, नाव 'द फ्रॅजाइल आर्ट ऑफ एग्झिस्टन्स'. उपचारांचा खर्च झेपेना म्हणून ठिकठिकाणी मदतीचे कार्यक्रम झाले. १३ डिसेंबर २००१ ला तो गेला, चौतिसाव्या वर्षी. तिकडे जेफ बेसेराला १९८९ मध्ये लुटारूंनी गोळ्या घातल्या, तेव्हापासून त्याचे पाय गेले. चाकाच्या खुर्चीतून तो परतला आणि २०१९ मध्ये पझेस्डचा नवा अल्बम गायला, तोच आवाज घेऊन. त्यातलं त्याचं गुरगुरणं मी ऐकते तेव्हा तो शाळकरी मुलगा आणि हा माणूस मला वेगवेगळे काढता येत नाहीत.

आता हे संगीत कुठे पोचलंय असं कुणी विचारलं तर मी डेन्व्हरच्या ब्लड इन्कँटेशनचा २०२४ चा 'अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर' ऐकायला देते. दोनच लांब रचना, प्रत्येकी वीसेक मिनिटांच्या. मध्येच सगळं विरघळतं आणि टँजरीन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडमधल्या माणसाचे सिंथेसायझर आकाशासारखे पसरतात, मग त्या आकाशातून पुन्हा मॉर्बिड एंजलच्या जातीचा रिफ कोसळतो. चाळीस वर्षांत हे इतकं रुंद झालं. मला अभिमान वाटतो, जणू मीच काही केलंय. पण एकटी असताना मी परत 'लेप्रसी'कडेच जाते, म्हणजे जायला लागलेय पुन्हा, परवापासून.

कारण परवा मी ते गाणं लावलं होतं ते ठरवून. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, बघू ऐकवतं का. दीड-दोन मिनिटं ऐकवलं, आणि मग गालाला गाल लागला.

काल ती पुन्हा आली. मी म्हटलं, "त्या दिवशी तू विचारलंस ना, तो काका रडतोय का म्हणून? मी चुकीचं सांगितलं." तिला आठवतच नव्हतं. मग तिला आवाज कसा काढतात ते दाखवावं असं वाटलं. मला अल्बममधल्यासारखा येत नाही, पण वर्षानुवर्षं दार लावून केलेल्या सरावाने थोडा जमतो. तिची दोन बोटं धरून मी माझ्या गळ्यावर ठेवली. आधी साधा "आ" लावला. मग श्वास दाबून तोच "आ" खाली, घोगरा, फाटका नेला. तिने बोटं काढली नाहीत. उलट आणखी दाबली, वजाबाकीच्या वेळचं तोंड केलं.

"आत्या," ती म्हणाली, "आत दोघं आहेत."